मानेचा मळ

"मॅडम, मानंचा मळ जाईना बघा. लै घासलं."

माझ्या ओपीडीत आईनं खुर्चीत टेकायच्या आधीच सांगून टाकलं. मुलगी २३ वर्षांची, तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत कॅशवर बसणारी. मार्चमधली दुपार, बाहेर ऊन रणरणतंय आणि हिच्या गळ्याभोवती ओढणीचे दोन वेढे. रविवारी पाहुणे बघायला येणार होते. म्हणजे माझ्या हातात पाच दिवस.

(माय-लेकींच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

ओढणी काढली. मानेच्या मागच्या अंगाला, एका कानामागून दुसऱ्या कानापर्यंत, काळसर आणि जाडसर पट्टा. घड्या ठळक, बोट फिरवलं तर मखमलीसारखा लागणारा. मधेच दोन ठिकाणी सालटं निघून लाल ओल आलेली. ती वजरीची करामत. टाचा घासायची वजरी तीन आठवडे रोज मानेवर फिरली होती. त्याआधी डाळीचं पीठ आणि हळद झाली होती. त्याच्याही आधी, मोबाइलवर बघून, अर्ध्या लिंबावर साखर घेऊन घासणं झालं होतं. हा शेवटचा उपाय मी केसपेपरवर अधोरेखित करून ठेवला. पोटात गेलेल्या साखरेचा ज्यात मोठा वाटा होता, ते ही पोरगी बाहेरून साखर चोळून घालवत होती.

स्पिरिटचा बोळा घेऊन पट्ट्यावरून जोरात फिरवला. हे आम्ही करतो, कारण मळासारखा दिसणारा आणि साबणानं न जाणारा एक थर असतो, तो स्पिरिटनं खरंच निघून येतो. बोळा पांढराच राहिला. आईला दाखवला. "मळ असता तर यावर आला असता."

काखेत तोच रंग, थोडा फिका. मानेवर सहा मस, त्यातल्या एकाला कुणीतरी केस बांधून ठेवलेला. जबड्याच्या कडेनं आणि हनुवटीवर मोठे, दुखरे मुरूम. लहान-मोठे धरून मोजले तर ३४. हनुवटीखाली राठ केस. पाळी दीड-दोन महिन्यांनी येते, हे मुलीनं आईकडे न बघता सांगितलं. उंची १५५ सेंमी, वजन ६४ किलो, कंबर ८८ सेंमी. भारतीय स्त्रीसाठी कंबरेची धोक्याची रेघ ८० सेंमीला मानतात.

मानेवरच्या या पट्ट्याला आम्ही अकँथोसिस निग्रिकन्स म्हणतो. नाव भारदस्त आहे, पण गोष्ट दर आठवड्याला ओपीडीत दिसणारी. शरीराच्या पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून वेळ मारून नेतं. रक्तातली साखर बरीच वर्षं आटोक्यात दिसते, पण इन्सुलिन मात्र तुडुंब असतं. आयजीएफ-१ नावाचं वाढीचं एक संप्रेरक आहे. त्याची आणि इन्सुलिनची घडण बरीचशी सारखी. इन्सुलिन एवढं वाढलं की ते त्वचेत आयजीएफ-१ च्या जागा अडवून बसतं, आणि वरच्या थराच्या पेशी भराभर वाढू लागतात. काळेपणा दिसतो तो मुख्यतः या जाडीचा आणि सुरकुत्यांचा. रंगद्रव्य फारसं वाढलेलं नसतं. म्हणून गोरं करणारी क्रीम इथे फसतात, आणि घासलं तर चिडलेली त्वचा आणखी जाड होते.

इथे एक गोष्ट आडवाटेनं सांगून टाकते. असाच काळेपणा उतारवयात, अंगानं वाळत चाललेल्या माणसाला अचानक आला आणि तोंडात किंवा तळहातावरही दिसू लागला, तर आम्ही पोटातला कर्करोग शोधायला लागतो. तो प्रकार विरळा. हिचा पट्टा आठवीपासूनचा होता, त्यामुळे ती भीती नव्हती.

किराण्याची यादी

"गोड किती खाते?"

"गोड तर आवडतच न्हाई तिला, मॅडम."

हे उत्तर मला जवळजवळ प्रत्येक घरातून मिळतं आणि ते खोटं नसतं. आमच्या भागात गोड म्हणजे जिलबी, बुंदी, श्रीखंड, पुरणपोळी. चहाला गोडात कुणी धरत नाही. त्यामुळे हल्ली मी दुसराच प्रश्न विचारते: महिन्याला साखर किती लागते?

"नऊ किलो. पाव्हणं-रावळं आलं तर धा."

घरात माणसं पाच. वडील कारखान्याचे सभासद, म्हणजे दिवाळीला सवलतीच्या दरातली साखर येते आणि ती कोठीच्या खोलीत पोत्यात असते. विकत आणलेल्या वस्तूकडे जसं लक्ष असतं, तसं या साखरेकडे नसतं. ती घरचीच. आपल्या रानातला ऊस, आपला कारखाना, आपलं पोतं. ज्यांच्या घरात किलोभराची पुडी येते त्यांना हा फरक पटकन कळणार नाही.

केसपेपरच्या मागे हिशेब मांडला. नऊ हजार ग्रॅम भागिले तीस दिवस, म्हणजे रोजची तीनशे. भागिले पाच, माणशी साठ ग्रॅम. थोडी पाहुण्यांच्या चहात जाते, रानात माणसं लावली की त्यांना जाते, ती वजा करा. पन्नास धरू. आता ऑफिस: पतसंस्थेत टपरीवरनं दिवसाला तीन चहा, तयार साखरेचे, ग्लासात दोन चमचे म्हणजे १० ग्रॅम तरी. झाले तीस. उन्हाळ्यात संध्याकाळी एसटी स्टँडवर उसाचा रस, नाहीतर २५० मिलीची थंड पेयाची बाटली. बाटलीत साखर पंचवीस ग्रॅमच्या वर, रसाच्या ग्लासात त्याहून जास्त. गोड न आवडणाऱ्या मुलीच्या पोटात दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास साखर जात होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार दिवसाच्या उष्मांकांपैकी १० टक्क्यांहून कमी अशा साखरेतून यावेत, ५ टक्क्यांच्या आत राहिलं तर उत्तम. म्हणजे दोन हजार कॅलरींच्या आहारात ५० ग्रॅम ही छत, आणि २५ ग्रॅम बरी.

आई त्या आकड्यांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तरी बरं, आज्जी दोनदा साखर घालते म्हून मी ओरडते तिच्यावर."

साखर एकटी गुन्हेगार आहे, असं मी म्हणत नाही. दिवसभर खुर्चीत बसणं, दोन वेळचा ताटभर भात, रात्री एकपर्यंत मोबाइल, घराण्यातून आलेली प्रवृत्ती, सगळ्यांचा हातभार आहे. पण या घरात सगळ्यात सहज हात घालता येईल अशी गोष्ट पोत्यातच होती.

रिपोर्ट दोन दिवसांनी आले. उपाशीपोटी साखर १०४, गेल्या तीनेक महिन्यांची साखर सांगणारी एचबीए१सी ५.९. दोन्ही मधुमेहाच्या अलीकडच्या पट्ट्यात. उपाशीपोटी इन्सुलिन ३१, लॅबच्या वरच्या मर्यादेच्या पुढे. थायरॉइड ठीक. सोनोग्राफीत पीसीओएस या बीजकोशांच्या विकाराचं चित्र. पीसीओएसमध्येही हेच जादा इन्सुलिन बीजकोशांना पुरुषी संप्रेरकं वाढवायला लावतं, आणि जबड्यावरचे मुरूम, हनुवटीचे केस, लांबणारी पाळी हे सगळं एका माळेत येतं. मान, मस, मुरूम, पाळी अशा चार तक्रारी घेऊन आलेली मुलगी खरं तर एकच तक्रार घेऊन आली होती.

पाच दिवसांत काय होणार? काही नाही, आणि मी तसंच सांगितलं. वजरी बंद, लिंबू बंद, सोललेल्या जागी साधं मलम. रविवारचं स्थळ जमलं नाही, पण ते मुलाच्या पुण्यातल्या नोकरीवरून.

दाराशी

या प्रकरणाचा दुसरा भाग मी जवळजवळ हुकवलाच होता. रिपोर्टच्या दिवशी मुलगी औषधं घ्यायला बाहेर गेली, आई मात्र दाराशी घुटमळल्या. पदर सावरत हळूच म्हणाल्या, "मॅडम, मला बी जरा... जांगंत खाज हाय. सहा-सात महिनं झालं."

पडद्याआड तपासलं. जांघेत आणि स्तनांखालच्या घडीत लालभडक ओलसर चट्टे, कडेनं सुट्या बारीक पुटकुळ्या. कँडिडा नावाच्या बुरशीचं हे ठरीव रूप. खरवड काढून मायक्रोस्कोपखाली पाहिली, ती दिसली. मेडिकलमधून मागून आणलेली एक ट्यूब त्या लावत होत्या. स्टेरॉइड, बुरशीचं आणि जंतूंचं औषध एकत्र असलेली. स्टेरॉइडनं खाज दोन दिवस थांबते, लाली दबते, आणि बुरशी निवांत पसरते. त्या जागची त्वचा पातळ होऊन पांढऱ्या रेघाही उमटायला लागल्या होत्या.

बाईंचं वय ४७, उंची १५२ सेंमी, वजन ५२ किलो. काटक, रानात राबणाऱ्या. यांना मधुमेह असेल असं बघून कुणी म्हणणार नाही, मीही म्हटलं नसतं. बोटाला सुई टोचली. मशीनवर आकडा आला २८६. नंतर एचबीए१सी ९.६.

इथे मला पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आठवतात. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच एक फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपली माणसं वरून बारीक आणि आतून चरबीची असू शकतात, ही गोष्ट एवढ्या थोडक्यात दुसऱ्या कुणी दाखवलेली मला माहीत नाही. या बाईंचा बीएमआय निघाला २२.५.

लेकीच्या कातडीवर जे दिसत होतं ते इन्सुलिनचं काम, आईच्या कातडीवर दिसत होतं ते साखरेचं. लेकीचं स्वादुपिंड अजून लढत होतं, आईचं थकलं होतं. रक्तात साखर अशी वाढलेली राहिली की पांढऱ्या पेशींची बुरशी मारायची ताकद कमी पडते, आणि घडीतल्या ओलीत-उबेत कँडिडाचं फावतं. पुन्हा पुन्हा येणारी जांघेतली खाज, लवकर न भरणारी जखम, सारखी होणारी केसतुडी घेऊन कुणी आलं तर ग्लुकोमीटर काढायचा, हे मी शिकाऊ डॉक्टरांना सांगत असते. त्या दिवशी मात्र बाई स्वतः दाराशी थांबल्या म्हणून कळलं.

निघताना त्यांनी हात जोडले. तळवे टेकले, पण बोटं एकमेकांना चिकटेनात, सांध्यांपाशी फट राहिली. मी पुन्हा जोडायला लावले. तेच. "कापूस येचून हात असं झाल्यात," त्या म्हणाल्या. बोटांच्या मागची कातडी चिमटीत धरून पाहिली, जाड आणि ताठ. जोडलेल्या हातांतली ही फट मधुमेहात आम्ही मुद्दाम तपासतो. याचा अर्थ त्यांचा मधुमेह काल-परवाचा नव्हता.

ही ताठरता येते कशी, ते त्यांना एचबीए१सीवरूनच समजावलं. या तपासणीत रक्तातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे ते मोजतात. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून तो आकडा गेल्या तीनेक महिन्यांची गोष्ट सांगतो. साखर चिकटते ती फक्त हिमोग्लोबिनला नाही. कातडीला ताण देणारं जे कोलॅजन असतं, त्यालाही चिकटते, आणि कातडीतलं अर्धं कोलॅजन बदलायलाच पंधराएक वर्षं लागतात. म्हणजे तिथे साखरेचा हिशेब दर तीन महिन्यांनी कोरा होत नाही, साचत जातो. धागे एकमेकांना जखडले जातात, लवचीकपणा जातो. तव्यावरच्या भाकरीला खरपूस डाग पडतात तीही याच जातीची क्रिया, तव्यावर मिनिटांत होते ती अंगात वर्षानुवर्षं चालते. १९१२ मध्ये माईयार या फ्रेंच शास्त्रज्ञानं तिचं वर्णन केलं.

यावरून "साखर खाल्ली की सुरकुत्या पडतात" असं सरळ विधान हल्ली सर्रास ऐकू येतं. मी ते इतक्या बेधडक करणार नाही. मधुमेहात कातडी ताठ होते, हे पक्कं आहे. ज्यांना मधुमेह नाही त्यांच्याबाबत नेदरलँड्समधल्या लायडनचा २०१३ चा एक अभ्यास आहे. सहाशेच्या आसपास लोकांचे फोटो पाहून वय ओळखायला लावलं, तर रक्तात साखर जास्त असलेले थोडे जास्त वयाचे वाटले. फरक लहान होता, आणि साखरेमुळेच तसं झालं हे त्यातून सिद्ध होत नाही. साखरेचे डाग पुसणारं म्हणून जे महागडं सीरम विकतात, त्यावर मी पैसे घालायला सांगत नाही. तेवढ्या पैशात घरातल्या दोघांच्या रक्ताच्या तपासण्या होतात.

गुळाचा चहा

सहा आठवड्यांनी दोघी आल्या. आईची खाज गेली होती. साधं बुरशीचं मलम, घडी कोरडी ठेवणं आणि फिजिशियननं सुरू केलेल्या मधुमेहाच्या गोळ्या. लेकीचं मात्र सगळं जिथल्या तिथे. वजन ६४. मुरूम उलट दोन जास्त.

"साखर एक चमचा न्हाई मॅडम. देवाशपथ. गुळाचा चहा करतो आता."

चूक माझी होती. मी "साखर बंद करा" म्हटलं, त्यांनी अक्षरशः तेवढंच केलं. गुळात थोडंफार लोह आणि क्षार असतील, पण तो मुख्यतः साखरच, आणि इन्सुलिनच्या दृष्टीनं दोघांत सांगण्यासारखा फरक नाही. शिवाय गूळ पौष्टिक म्हणून हात सढळ. घरचा सेंद्रिय आहे म्हणून तर आणखी सढळ.

मग बंदी सोडून दिली आणि मोजणं धरलं. पाच माणसं, माणशी १५ ग्रॅम, तीस दिवस: सव्वादोन किलो. साखर आणि गूळ मिळून एवढंच महिन्याच्या पहिल्या तारखेला एका स्टीलच्या डब्यात काढायचं, कोठीच्या खोलीला कडी. डबा संपला की संपला. पहिल्या महिन्यात तो १७ तारखेला संपला आणि आजीनं दोन दिवस अबोला धरला. दुसऱ्या महिन्यात २४ तारखेपर्यंत गेला. चहातली साखर दर दहा दिवसांनी पाव चमच्यानं कमी, म्हणजे जिभेला कळत नाही. ऑफिसात मुलीनं टपरीवाल्याला बिनसाखरेचा चहा सांगितला. तो आधी एका ग्लाससाठी वेगळा करायला कुरकुरला, मग दुसरा कॅशिअर, क्लार्क आणि शिपाईमामा अशा आणखी तिघांनी तोच मागितल्यावर त्यानं वेगळी किटलीच ठेवली.

बाकी नेहमीचं: संध्याकाळी चाळीस मिनिटं चालणं, रात्रीच्या भाताऐवजी ज्वारीची भाकरी आणि उसळ. मानेला रात्री युरियाचं क्रीम, पुढे सौम्य रेटिनॉइड, म्हणजे 'अ' जीवनसत्त्वाच्या जातीचं मलम. चेहऱ्याला मुरमांचं जेल पहिल्यापासून होतंच. मस करंटनं काढून टाकले, दहा मिनिटांचं काम. चौथ्या महिन्यात स्त्रीरोगतज्ज्ञांनी पाळीसाठी मेटफॉर्मिन ही गोळी सुरू केली, पेशींना इन्सुलिनला दाद द्यायला लावणारी.

आठ महिन्यांनंतर मुलीचं वजन ५८.५, उपाशीपोटी इन्सुलिन १४, एचबीए१सी ५.५, पाळी ३२ ते ३५ दिवसांनी. मुरूम ३४ वरून ९. मानेचा मखमलीपणा गेला आहे, रंग बराच उतरला असला तरी उन्हात शेजारच्या कातडीपेक्षा गडद दिसतो. आईचं एचबीए१सी ६.९. बोटांतली फट तशीच आहे, ती बहुधा राहील.

यातलं साखर कमी केल्याचं श्रेय किती, हे मला वेगळं काढता येत नाही. जेल होतं, चालणं होतं, पुढे गोळीही आली. मुरमांपुरता एक धागा हाताशी आहे: मेलबर्नमध्ये २००७ साली १५ ते २५ वयाच्या ४३ मुलांवर १२ आठवड्यांची चाचणी झाली. ज्यांचा आहार रक्तात साखर हळू चढवणारा ठेवला, त्यांचे मुरूम सरासरी २३.५ नं कमी झाले, नेहमीसारखं खाणाऱ्यांचे १२ नं. पण त्यांचं वजनही उतरलं होतं, त्यामुळे तिथेही गुंता सुटा होत नाही. आमच्या मुलीच्या बाबतीत मला एवढंच ठामपणे सांगता येतं की पहिल्या सहा आठवड्यांत जेल होतं, गुळाचा चहाही होता, आणि मुरूम दोनानं वाढले होते.

डिसेंबरात शेवटची भेट झाली. कारखान्याचा बॉयलर पेटून महिना झालेला, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. दिवाळीचं पोतं निम्मं नणंदेकडे पाठवलं, असं आई सांगत होत्या. बोलता बोलता धाकट्याचा विषय निघाला, चौदा वर्षांचा, क्रिकेटचा नाद, दिवसाला एक थंड पेयाची बाटली. सोबत आला तेव्हा वेटिंगमध्ये त्याची मान मी पाहिली होती. त्याला तपासायला आणा, असं तिसऱ्यांदा म्हटलं.

"त्याचा मळच हाय तो, मॅडम. अंगूळच करत न्हाई नीट."

म्हणाल्या आणि थबकल्या. मुलगी हसायला लागली. आईंनी पदर तोंडाला लावला आणि टेबलावरची डायरी माझ्याकडे सरकवली. "शनवारी लिवा त्याचं नाव."